नाक्यावर विचारलेला पत्ता

व्हीपीएन चालू होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात कुलपाचं चिन्ह होतं आणि आयपी पत्ता दाखवणाऱ्या पानाच्या मते मी नेदरलँड्समध्ये बसलो होतो. प्रत्यक्षात मी कल्याणला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी होतो. शेजारच्या टर्मिनलमध्ये टीसीपीडंप नावाचं एक जुनं, दिसायला ओबडधोबड पण कमालीचं प्रामाणिक साधन चालू ठेवलं होतं. त्याला एवढंच सांगितलं होतं, की वायफाय कार्डावरून पोर्ट ५३ कडे जे काही जाईल ते दाखव. ब्राउझरमध्ये मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ उघडलं आणि टर्मिनलमध्ये ओळ उमटली: १९२.१६८.१.७ कडून १९२.१६८.१.१ कडे, आणि पुढे विश्वकोशाचं नाव, टिंबाटिंबांसकट, कुणीही वाचावं असं.

१९२.१६८.१.१ म्हणजे हॉलमध्ये टीव्हीमागे लटकणारा राउटर. तो हे नाव पुढे इंटरनेट कंपनीला विचारणार. ज्या कंपनीच्या नजरेआड राहायला मी दरमहा पैसे मोजत होतो, तिलाच प्रत्येक वेळी घरातून निघताना कुठे चाललोय ते सांगत होतो. विश्वकोश वाचतो हे कळून कुणाचं काही बिघडत नाही. पण त्यानंतरच्या ओळी दवाखान्याच्या होत्या, बँकेच्या होत्या, आणि एक ओळ अशी होती की ती इथे लिहिणार नाही.

याला डीएनएस गळती म्हणतात. गळती हा शब्द मला तितकासा पटत नाही. गळतीत कुठेतरी भोक असतं. इथे व्हीपीएनचा बोगदा शाबूत असतो, त्यातून जाणारा माल कुलूपबंद असतो. फक्त बोगद्यात शिरण्याआधी पत्ता नाक्यावरच्या पानवाल्याला विचारलेला असतो.

आता ही पत्ता विचारण्याची पद्धत. १९८३ पर्यंत ती पद्धत म्हणजे यंत्रांची नावं आणि पत्ते यांची एक यादी होती. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये होस्ट्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल असायची, एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा, आणि बाकीची यंत्रं तिची प्रत उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी यादी आवरेना. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची कामं वाटून देणारी व्यवस्था, म्हणजेच डीएनएस, आखली, १९८७ मध्ये तिचे नियम पक्के झाले, आणि तीच आजवर चालू आहे. एकमेकांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या जाळ्यासाठी ती बनवलेली, त्यामुळे गुप्ततेचा विचार तिच्यात नव्हताच. प्रश्न पोर्ट ५३ वर उघडा जातो, पोस्टकार्डासारखा. वाटेतला प्रत्येक पोस्टमन वाचू शकतो.

आता खरा प्रश्न. सगळी वाहतूक बोगद्यातून न्यायची असं व्हीपीएनने सांगितलेलं असताना हे पोस्टकार्ड बाहेरून जातंच कसं?

उत्तर रस्त्यांच्या कोष्टकात आहे. कोणता माल कोणत्या वाटेने पाठवायचा याचं एक कोष्टक लिनक्सकडे असतं आणि त्याचा एकच नियम: ज्या पाटीवरचा पत्ता जास्त नेमका, तिचं ऐकायचं. ओपनव्हीपीएन बोगदा चालू करताना दोन पाट्या लावतं. ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१, म्हणजे जगातले अर्धे पत्ते एकीवर, उरलेले अर्धे दुसरीवर. मूळची ‘बाकी सगळं राउटरकडे’ ही पाटी ०.०.०.०/० अशी असते. तिच्यापेक्षा या दोन्ही एका घराने नेमक्या, म्हणून सारं जग बोगद्यात वळतं. मूळ पाटी न काढता तिला निष्प्रभ करण्याची ही युक्ती मला आजही आवडते. पण कोष्टकात आणखी एक पाटी असते: १९२.१६८.१.०/२४. सोसायटीतल्या सोसायटीत जायचं असेल तर बोगद्यात शिरू नका, सरळ जा. /२४ ही /१ पेक्षा कितीतरी नेमकी, म्हणून ती जिंकते. आणि जिंकायलाच हवी, नाहीतर घरातला प्रिंटर सापडणार नाही.

तर पत्ता ज्याला विचारायचा तो डीएनएस सर्व्हर जर राउटरच असेल, तर तो सोसायटीतला माणूस झाला. त्याच्याकडे बोगद्यातून जायचा प्रश्नच येत नाही. लिनक्स इथे काहीही चुकत नाही. सांगितलेलं तंतोतंत करतं. खात्री करायची असेल तर ‘आयपी राउट गेट’ आणि पुढे तो पत्ता असं टर्मिनलला विचारा. (आज्ञा अर्थात रोमन लिपीतच टंकायच्या. इथे त्यांचा उच्चार दिला आहे.) उत्तरात वायफाय कार्डाचं नाव आलं तर पोस्टकार्ड बाहेरून चाललंय, टन-झीरो किंवा डब्ल्यूजी-झीरो असं बोगद्याच्या कार्डाचं नाव आलं तर आतून. वायरगार्ड हे दुसरं व्हीपीएन सॉफ्टवेअरही वेगळं काही करत नाही. त्याच्या पाट्यांची तऱ्हा निराळी आहे, पण सोसायटीतल्या पाटीचा मान तेही राखतं.

मग प्रश्न उरतो तो असा, की राउटरला विचारायचं हे ठरवलं कुणी?

इथे लिनक्समध्ये बारभाईंचा कारभार सुरू होतो. जुन्या काळी सगळं एका फाइलवर चालायचं, ईटीसी या फोल्डरातली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ. ‘नेमसर्व्हर’ हा शब्द, पुढे पत्ता, अशा जास्तीत जास्त तीन ओळी वाचल्या जातात. पहिल्याला विचारायचं, पाच सेकंदांत तो बोलला नाही तर दुसऱ्याला. म्हणजे वरच्या ओळीत व्हीपीएनचा सर्व्हर आणि खालच्या ओळीत राउटर असेल तर चाचणी दिवसभर बिनचूक दाखवेल, आणि रात्री बोगदा पाच सेकंद अडखळला की प्रश्न राउटरकडे जाईल. अशी अधूनमधून होणारी गळती शोधणं फार त्रासाचं. दात दुखत असतो, पण डॉक्टरच्या खुर्चीत बसलं की थांबतो, तसं.

ही एवढीशी फाइल लिहायला मात्र किती हात! वायफाय जोडलं की डीएचसीपी लिहितं, नेटवर्कमॅनेजर लिहितो, रिझॉल्व्हकॉन्फ नावाचा दलाल लिहितो, व्हीपीएनची स्क्रिप्ट लिहिते, आणि वैतागलेला माणूस नॅनो उघडून स्वतः लिहितो. शेवटी ज्याने लिहिलं त्याचं राज्य, पुढचा कुणी येईपर्यंत. हा गोंधळ मिटावा म्हणून सिस्टमडी-रिझॉल्व्हड आला. उबुंटूच्या १८.०४ आवृत्तीत तुम्हाला तोच दिसेल, फेडोराने २०२० साली ३३व्या आवृत्तीपासून त्यालाच कारभारी नेमलं. तो असेल तर फाइलमध्ये एकच पत्ता असतो, १२७.०.०.५३, म्हणजे याच यंत्रातली एक खिडकी. सगळे प्रश्न त्या खिडकीवर येतात आणि आत बसलेला कारभारी ठरवतो की कुठल्या कार्डावरून कुणाला विचारायचं.

तो कसा ठरवतो हे कळलं की निम्मी दुरुस्ती झाली. वायफाय कार्डाचा एक डीएनएस सर्व्हर आहे, व्हीपीएनच्या कार्डाचा दुसरा. एखादं नाव कुणाच्या हद्दीत येतं याबद्दल काहीच सांगितलेलं नसेल तर कारभारी दोघांनाही एकाच वेळी विचारतो आणि ज्याचं उत्तर आधी येईल ते धरतो. राउटर दहा फुटांवर, व्हीपीएनचा सर्व्हर सातासमुद्रापार. शर्यत कोण जिंकणार हे सांगायला नको. आणि समजा बोगद्यातलं उत्तर आधी आलं, तरी प्रश्न राउटरच्या कानावर गेलाच. व्हीपीएनचा सर्व्हर यादीत दिसतो म्हणून निर्धास्त राहणारे इथेच फसतात. मीही एकदा असाच फसलो होतो.

तपासायची आज्ञा रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस. कार्डागणिक एकेक परिच्छेद छापून येतो. त्यात व्हीपीएनच्या कार्डाखाली ‘डीएनएस डोमेन’ या ओळीत ~. अशी खूण आहे का पाहा. लाटेसारखी रेघ आणि टिंब. टिंब म्हणजे नावांच्या झाडाचं मूळ, अर्थात जगातली सगळी नावं. लाट म्हणजे ‘या हद्दीतले प्रश्न माझ्याकडे पाठवा’. ही दोन चिन्हं असली की शर्यत संपते, सगळं बोगद्याकडे वळतं. नसली तर रिझॉल्व्हसीटीएल डोमेन, पुढे कार्डाचं नाव, पुढे अवतरणात ~. एवढं टंकलं की तात्पुरतं काम भागतं. अवतरण विसरू नका. ती लाट टर्मिनलला घरच्या फोल्डरची खूण वाटू शकते, आणि नसता घोळ होऊ शकतो.

पण आधी निदान, मग औषध. नीट निदान करायचं तर सेटिंगला नव्हे, तारेला विचारावं. सेटिंग हेतू सांगतं, तार कृती दाखवते. टीसीपीडंप वायफाय कार्डावर लावा, पोर्ट ५३ एवढंच गाळून घ्या, आणि ‘एन’ हा पर्याय आठवणीने द्या. तो दिला नाही तर टीसीपीडंप स्वतःच प्रत्येक पत्त्याचं नाव शोधायला डीएनएसला विचारत सुटतं आणि पडद्यावर त्याचीच वर्दळ दिसते. चोर पकडायला बसलेल्या हवालदाराने स्वतःच्याच सावलीवर शिट्टी वाजवावी, तसं.

दुसरी चकवणारी गोष्ट म्हणजे साठवण. नेहमीचं संकेतस्थळ उघडलं आणि पडदा कोरा राहिला, तर गळती नाही असं समजू नका. उत्तर आधीपासून कारभाऱ्याच्या किंवा ब्राउझरच्या साठ्यात असेल, तर कुणाला विचारायची गरजच पडलेली नसते. रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस केलं की कारभाऱ्याचा साठा रिकामा होतो, ब्राउझरचा वेगळा असतो. सोपा उपाय म्हणजे आयुष्यात कधी न पाहिलेलं नाव उघडणं. गळती तपासून देणारी संकेतस्थळं हेच करतात. तुमच्यासाठी त्या क्षणी एक अगडबंब, कुणीच न वापरलेलं नाव बनवतात, ब्राउझरला ते उघडायला लावतात, आणि त्या नावाचा मालकी सर्व्हर त्यांचाच असल्याने चौकशी करायला कोण आलं ते नोंदवतात. आलेला पाहुणा तुमच्या इंटरनेट कंपनीचा निघाला, तर झालं. टर्मिनलवरून डिग हे साधन वापरून हूअ‍ॅमआय डॉट अकामाय डॉट नेट हे नाव विचारलं तरी उत्तरात, तुमच्या वतीने कोण विचारायला आलं त्याचा पत्ता येतो.

यातही एक गंमत आहे. डिग रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ थेट वाचतं, बाकीची बहुतेक सॉफ्टवेअरं एनएसस्विच डॉट कॉन्फ या दुसऱ्या फाइलच्या वाटेने जातात, आणि फायरफॉक्सला कधीकधी या कुणाशीच देणंघेणं नसतं. २०१८ साली डीएनएसचे प्रश्न एचटीटीपीएसमध्ये गुंडाळून पाठवायचं मानक ठरलं. ते चालू असेल तर ब्राउझर पोर्ट ५३ ला हातही लावत नाही, स्वतःच एखाद्या बड्या कंपनीच्या सर्व्हरला विचारतो. मग टीसीपीडंप गप्प, तपासणीचं पान मात्र भलतंच नाव दाखवतंय, डिग तिसरंच काही सांगतंय. तिघंही खरं बोलत असतात. म्हणून ब्राउझरमधली ती सोय चाचणीपुरती बंद करावी.

आता औषधं. ती रोगाप्रमाणे नव्हे, व्हीपीएनच्या जातीप्रमाणे बदलतात.

ओपनव्हीपीएन टर्मिनलवरून चालवत असाल तर बहुधा हेच झालेलं असतं: सर्व्हरने जोडणी करतानाच आपला डीएनएस पत्ता कळवला होता. विंडोजवर तो आपसूक लागू होतो. लिनक्सवर वर्षानुवर्षं अशी रीत राहिली, की क्लायंट तो पत्ता हातात घेऊन उभा राहतो आणि कुणीतरी स्क्रिप्ट येऊन तो घेऊन जाईल याची वाट पाहतो. स्क्रिप्ट जोडलेली नसेल तर निरोप तिथेच राहतो. सिस्टमडी-रिझॉल्व्हडसाठी अपडेट-सिस्टमडी-रिझॉल्व्हड नावाची स्क्रिप्ट मिळते. कॉन्फिग फाइलमध्ये ती ‘अप’ आणि ‘डाउन’ या दोन्ही ओळींत लिहायची, स्क्रिप्ट-सिक्युरिटीचा आकडा २ करायचा, आणि डोमेन-राउट या पर्यायापुढे नुसतं टिंब द्यायचं. हे टिंब तेच, मघाचं.

नेटवर्कमॅनेजरवाल्यांचं काम एका आकड्याचं आहे. प्रत्येक जोडणीला डीएनएस-प्रायॉरिटी असते. काही सांगितलं नाही तर व्हीपीएनला ५०, इतरांना १००. लहान आकडा आधी, पण आधी म्हणजे एकटा नव्हे. वजा आकडा दिला की बाकीच्यांचे सर्व्हर यादीतूनच उडतात. वजा एक दिलात तरी पुरे, पण लोक वजा ४२ लिहितात. का, ते डग्लस अ‍ॅडम्सच्या वाचकांना विचारा. आकडा आयपीव्ही४ साठी वेगळा आणि आयपीव्ही६ साठी वेगळा द्यावा लागतो, आणि तो एनएमसीएलआय या आज्ञेने टर्मिनलवरूनच बदललेला बरा.

वायरगार्डची कथा वेगळी आहे आणि मला ती जास्त शिकवून गेली. जेसन डोनेनफेल्ड यांचं हे काम मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नेलमध्येच सामील झालं. कॉन्फिग इतकी छोटी, की पोस्टाच्या पाकिटामागे मावेल. तिच्यात ‘डीएनएस =’ अशी एक ओळ असते. डब्ल्यूजी-क्विक ही स्क्रिप्ट ती वाचते आणि काम रिझॉल्व्हकॉन्फकडे सोपवते. अनेक यंत्रांवर रिझॉल्व्हकॉन्फ नावाचं काही नसतंच. मग ‘रिझॉल्व्हकॉन्फ: कमांड नॉट फाउंड’ असा संदेश येतो आणि डब्ल्यूजी-क्विक उभारलेला बोगदा स्वतःच पाडून टाकतं. वागणं कडक, पण योग्य. आता इथे माणूस काय करतो? डीएनएसच्या ओळीपुढे # लावून ती गप्प करतो. बोगदा लगेच उभा राहतो, कुलपाचं चिन्ह येतं, पत्ता नेदरलँड्सचा दिसतो, आणि तो खुशीत झोपतो. मी तेच केलं होतं. त्या रात्री कल्याणला टर्मिनलमध्ये जे दिसलं, ते त्या एका # चं फळ. योग्य इलाज म्हणजे ओपनरिझॉल्व्ह हे पॅकेज टाकणं, किंवा सिस्टमडी-रिझॉल्व्हड असेल तर त्याच्याच रिझॉल्व्हसीटीएलला रिझॉल्व्हकॉन्फ या नावाने जोडून देणं. तो त्या नावानेही हाक ऐकतो. मग # काढायचा.

एवढं करूनही ओळी उमटत राहिल्या तर त्यातल्या पत्त्याकडे बघा. टिंबांऐवजी अपूर्णविराम दिसतायत? म्हणजे आयपीव्ही६. कित्येक व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ चा बोगदा खणतात, आणि राउटर मात्र आयपीव्ही६ मधूनही आपला डीएनएस पत्ता घरभर पुकारत असतो. तो पत्ता पुष्कळदा एफई८० ने सुरू होतो. त्या पत्त्याला घराबाहेर अस्तित्वच नाही, तो बोगद्यात जाणार कुठून? २०१५ साली रोमचं सापिएंझा विद्यापीठ आणि लंडनचं क्वीन मेरी विद्यापीठ इथल्या संशोधकांनी १४ नामांकित व्हीपीएन सेवा तपासल्या, तेव्हा बहुतेकांतून आयपीव्ही६ ची वाहतूक बाहेरून जात होती. आपल्याकडे मोबाइल डेटावर आयपीव्ही६ सर्रास असतं, त्यामुळे फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडणाऱ्यांनी हे आधी पाहावं. बोगदा आयपीव्ही६ नेत नसेल, तर व्हीपीएन असेपर्यंत ते बंद ठेवणं हा उपाय सुंदर नाही, पण लागू पडतो.

शेवटचा पहारा फायरवॉलचा. बोगद्याचं कार्ड सोडून इतर कुठूनही पोर्ट ५३ कडे जाणारं सगळं अडवा, असा नियम एनएफटेबल्समध्ये दोन ओळींत बसतो, यूडीपी आणि टीसीपी दोन्हींसाठी. त्यात लो हे आतलं कार्ड वगळायला विसरलात, तर १२७.०.०.५३ ची खिडकीच बंद होते आणि यंत्र आंधळं होतं. शिवाय व्हीपीएनच्या सर्व्हरचं नाव शोधायलाही डीएनएस लागतं, आणि ते तर बोगदा उभा राहण्याआधीच. आधी कोंबडी की आधी अंडं? कॉन्फिगमध्ये नावाऐवजी सर्व्हरचा आकडी पत्ता लिहिला की हा वाद मिटतो.

एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगतो. ऑफिसच्या कामासाठी व्हीपीएन असेल, आणि फक्त ऑफिसची नावं बोगद्यातून व बाकीची घरच्या राउटरकडून अशी वाटणी मुद्दाम केलेली असेल, तर तपासणीच्या पानावरचा लाल इशारा पाहून घाबरू नका. ती गळती नाही, ती वाटणी आहे. आणि सगळे प्रश्न व्हीपीएन कंपनीकडे नेले, तरी पानवाला बदलला एवढंच. भारतात सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपायला सांगितलं, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी इथले सर्व्हर हलवले. कोणाला विचारायचं ही निवड शेवटी आपलीच.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. हे सगळं शिकण्याआधी मी एक रामबाण उपाय केला होता. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये एकच ओळ लिहिली, नेमसर्व्हर १०.८.०.१, बोगद्यातला सर्व्हर. मग सीएचअ‍ॅटर या आज्ञेने फाइलला ‘आय’ ही खूण लावली. ही खूण असली की रूटलासुद्धा फाइल बदलता येत नाही. बारभाई हात चोळत बसले. गळती थांबली, आणि मी ते विसरून गेलो.

पाच-सहा महिन्यांनी कोल्हापूरला एका लॉजवर उतरलो होतो. वायफायचे पूर्ण बार दिसत होते, पण लॉगिनचं पान काही उघडेना. पान उघडायला लॉजच्या डीएनएसला विचारावं लागतं आणि माझं यंत्र १०.८.०.१ सोडून कुणाशी बोलायला तयार नव्हतं. तो सर्व्हर बोगद्यात, बोगदा इंटरनेटपलीकडे, इंटरनेट लॉगिनपलीकडे. खालच्या पोऱ्याने राउटर दोनदा बंद-चालू केला, तिसऱ्यांदा माझ्याकडे संशयाने पाहिलं. शेजारच्या खोलीतल्या काकांचा फोन व्यवस्थित चालत होता. रात्री बाराच्या सुमाराला, फाइल हाताने बदलताना ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. अशा खुणा दाखवणारं एलएसअ‍ॅटर चालवलं. फाइलच्या नावाआधीच्या रेघांच्या रांगेत एक एकटा ‘आय’ उभा होता. तो काढला, वायफाय पुन्हा जोडलं, आणि पान उघडलं. त्यात खोली क्रमांक विचारला होता. तो बघायला किल्लीची पितळी पट्टी शोधावी लागली.